चूक कोणाची आणि पैसे कोणाचे?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या भाच्याच्या मोटारीची आणि एका ऑटोरिक्षाची आमच्या गांवच्या चौकांत टक्कर झाली. मी त्या वेळीं भाच्याच्या शेजारीं पुढच्या बैठकीवर बसलों होतों. रिक्षावाल्यानें दिवा न दाखवितां उजवीकडे वळण घेतलें, आमच्या गाडीचा कोपरा रिक्षाच्या मागल्या चाकाला लागला आणि रिक्षा कुशीवर कलंडली. आंत एक प्रौढ बाई होत्या. त्यांचा उजवा हात कोपराखालीं मोडला. आम्हांला खरचटलेंसुद्धां नाहीं.

गर्दी जमली. पहिलीं पांच मिनिटें लोकमत आमच्या बाजूचें होतें. दोघां-तिघांनीं रिक्षावाल्याला दरडावलें आणि तोही "दादा, चुकलं माझं" म्हणत हात जोडून उभा होता. मग हवालदार आला व त्यानें कागद मागितले. भाच्याच्या विम्याची मुदत अकरा दिवसांपूर्वीं संपलेली निघाली. ही गोष्ट गर्दींत कळली मात्र, वारें फिरलें. "विमा नाही ना? मग चूक यांचीच!" असा निकाल एका गृहस्थानें मोठ्यानें देऊन टाकला. रिक्षावाल्याचे जोडलेले हात सुटले. भाचा संतापून मला म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा यांना! विमा भरायचा राहिला हा माझा गुन्हा, कबूल. पण टक्कर काय विम्यामुळे झाली?"

मी वकील नाहीं. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि मुलांना इतिहास शिकवितां शिकवितां निवृत्त झालों. एखादा प्रश्न पडला कीं तो प्रथम केव्हां आणि कोठें उत्पन्न झाला हें पाहण्याची मला खोड आहे. तेव्हां चूक कोणाची आणि पैसे कोणी द्यावयाचे हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतत गेले, याचा मीं गेले कांहीं महिने माझ्या अल्प शक्तीप्रमाणें शोध घेतला. त्यांत जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवितों. भाच्याच्या मोटारीकडे शेवटीं परत यावें लागेल.

१७ ऑगस्ट १८९६ ह्या दिवशीं लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथील बागेंत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची ४४ वर्षांची एक स्त्री आपल्या मुलीसह उत्सव पाहण्यास गेली होती. तेथें एक कंपनी लोकांना मोटारीच्या फेऱ्या घडवून दाखवीत असे. त्या मोटारींपैकीं एकीनें ह्या बाईला धडक दिली व ती मरण पावली. इंग्लंडांत मोटारीखालीं सांपडून मेलेली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. त्यानंतर जी चौकशी झाली ती वाचतांना मला आमचा चौकच आठवला. चालकानें सांगितलें कीं गाडी ताशीं अवघी चार मैल चालली होती. पाहणाऱ्यांपैकीं एकीनें सांगितलें कीं चांगला घोडा चौखूर सुटावा तशी ती येत होती. चालकाला गाडी हांकण्याचा अनुभव होता तीन आठवड्यांचा. परवाना नांवाची वस्तु तेव्हां नव्हतीच. सहा तासांच्या चौकशीनंतर पंचांनीं अपघाती मृत्यु असा निकाल दिला. कोणावरही खटला झाला नाहीं. असा प्रकार पुन्हां कधीं न घडो, अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें बोलून दाखविली.

यंत्रानें चालणाऱ्या गाडीपुढें माणसानें पायीं चालावें, हा १८६५ च्या इंग्रजी कायद्याचा दंडक त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत उठला आणि वेगाची मर्यादा ताशीं १४ मैलांपर्यंत वाढली. म्हणजे ज्या सालीं पहिला बळी पडला त्याच सालीं रस्ता मोकळा झाला. ह्यांत कोणाचा दुष्टपणा होता असें मला वाटत नाहीं. नवें वाहन लोकांना हवें होतें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां चूक ठरविण्याचा न्याय पाहूं. मोटार नवी असली तरी हा न्याय घोडागाडीच्या काळचाच होता. १८०९ सालीं इंग्लंडांतील डर्बी गांवीं एका मनुष्यानें घराच्या दुरुस्तीसाठीं रस्त्यांत आडवा वांसा टाकून ठेवला होता. वेळ दिवेलागणीची, पण वांसा शंभर यार्डांवरून दिसेल इतका उजेड शिल्लक होता. दुसरा एक गृहस्थ खानावळींतून निघून घोडा भरधांव सोडीत आला, वांसा त्याला दिसला नाहीं, आणि तो घोड्यासकट आदळला. त्यानें नुकसानभरपाई मागितली. न्यायालयानें सांगितलें कीं तूं स्वतः बेतानें चालला असतास तर वांसा चुकविला असतास; तुला कांहीं मिळणार नाहीं. वांसा टाकणाऱ्याची चूक उघड होती, तरी जखमी मनुष्याच्या अंगीं थोडीशी हयगय निघाली कीं त्याचा सगळाच दावा बुडाला.

हा न्याय फार कडक होता, आणि त्याला पहिली फट पाडली ती एका गाढवानें. १८४२ सालच्या खटल्यांतील तें गाढव मालकानें पाय बांधून हमरस्त्याच्या कडेला चरावयास सोडलें होतें. तिकडून एक गाडी वेगानें आली व तिच्याखालीं तें मेलें. गाडीवाल्याचें म्हणणें, पाय बांधलेलें जनावर रस्त्यावर सोडणें हीच चूक. न्यायाधीशांनीं तें मान्य करूनही गाढवाच्या मालकालाच पैसे देवविले. कारण अपघात टाळण्याची शेवटची संधि गाडीवाल्याच्या हातीं होती. गाढव चुकीच्या जागीं उभें असलें म्हणून त्याला तुडविण्याचा परवाना मिळत नाहीं! शाळेंत पाटी फुटली म्हणजे "यानें आधीं ढकललें" आणि "हा मध्यें आला" अशी जी भांडणें माझ्यापुढें येत, तीं मिटवितांना हा खटला मला ठाऊक असता तर बरें झालें असतें.

दोन्ही न्यायांत एक गोष्ट समान होती. पैसे एक तर सगळे, नाहीं तर मुळींच नाहींत. चुकीची वाटणी करून त्या प्रमाणांत भरपाई कमी करावी, हें इंग्लंडच्या कायद्यानें स्वीकारावयास १९४५ साल उजाडावें लागलें. तो कायदा आपल्याकडे लागू नव्हता. तथापि त्यांतील तत्त्व न्याय्य म्हणून आपल्या न्यायालयांनीं आपण होऊन उचललें.

येथवर विम्याचा कोठेंच संबंध नाहीं हें आपल्या ध्यानांत आलें असेल. तो मागाहून आला, आणि आला तोही संशय घेऊन. स्वतःच्या हयगयीचा विमा उतरणें हा प्रकार कित्येकांना अनीतीचा वाटे. मनुष्य दुसऱ्याला तुडविणार आणि पैसे कंपनी भरणार, मग तो जपून कशाला चालवील? १९२१ सालीं लंडनमध्यें हा प्रश्न न्यायालयापुढें उभा राहिला. एका मनुष्यानें शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू ह्या वर्दळीच्या रस्त्यावर बेफाम गाडी चालवून तिघांना उडविलें. त्यांत एक मेला व दोघे जखमी झाले. त्याला मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. जखमींना द्यावयाचे पैसे त्यानें विमा कंपनीकडे मागितले, तेव्हां कंपनी म्हणाली कीं गुन्ह्याचा विमा असूं शकत नाहीं. न्यायमूर्ति बेलहॅश यांनीं कंपनीचें म्हणणें फेटाळलें. कोणी जाणूनबुजून गाडी अंगावर घातली असती तर गोष्ट वेगळी होती. परंतु हयगय लहान असो कीं मोठी, तिच्याचसाठीं तर लोक विमा उतरतात. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हां मला राग आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हां त्या दोघां जखमींकडे लक्ष गेलें आणि राग ओसरला. विम्याचे पैसे चालकाच्या घरीं जात नव्हते, ते जखमींना मिळावयाचे होते.

पण ते मिळतीलच असेंही तेव्हां नव्हतें. १९२८ सालचा एक खटला मला सर्वांत जिव्हारीं लागला. एका कंपनीच्या मोटारीनें एका माणसाला जखमी केलें. त्यानें दावा जिंकला. मोटारीचा विमा होता व विमा कंपनीनें पैसेही दिले. परंतु मध्यंतरीं मोटारवाल्या कंपनीचें दिवाळें निघालें होतें. न्यायालयानें ठरविलें कीं विम्याचा करार दिवाळखोर कंपनीचा, म्हणून पैसा तिच्या सगळ्या सावकारांचा. जखमी मनुष्यही त्यांतलाच एक. म्हणजे ज्याच्या हाडामांसाबद्दल ते पैसे आले त्यानें रांगेंत उभें राहून आपला लहानसा हिस्सा घ्यावा, आणि उरलेल्या पैशानें इतर देणेकऱ्यांचीं बिलें भागावीं! हा कायदा बदलला पाहिजे हें सांगावयास विद्वान् लागत नाहींत. १९३० सालीं इंग्लंडांत एका कायद्यानें जखमीला थेट विमा कंपनीवर हक्क दिला, आणि दुसऱ्या कायद्यानें १ जानेवारी १९३१ पासून तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा प्रत्येक मोटारवाल्यावर सक्तीचा केला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें ही सक्ती १९२७ मध्यें व न्यूझीलंडनें १९२८ मध्यें आधींच आणली होती.

मग चौकांतल्या त्या गृहस्थाचा प्रश्न न्यायालयांत पोंचला. विमा नसणें हेंच दायित्वाचें कारण होऊं शकतें काय? १९३५ सालच्या मंक विरुद्ध वॉर्बी ह्या खटल्यांत एका मनुष्यानें आपली मोटार मित्राला उसनी दिली. ती तिसऱ्याच माणसानें चालविली, आणि त्याच्या चालविण्याला विम्याचें संरक्षण नव्हतें. अपघात झाला. चालकाजवळ दमडी नव्हती. जखमीनें गाडीच्या मालकावर दावा लावला कीं विम्याशिवाय तूं गाडी दुसऱ्याला चालवूं दिलीस, म्हणून माझे पैसे बुडाले. न्यायालयानें मालकाला जबाबदार धरलें. मालक गाडींत नव्हता, त्यानें कोणालाही धडक दिली नव्हती. तरी पैसे त्यालाच द्यावे लागले. पण येथें नीट पाहिलें पाहिजे. रस्त्यावरची चूक त्या चालकाचीच होती आणि ती आधीं सिद्ध झाली होती. विमा नसल्यामुळें चूक उत्पन्न झाली नाहीं. चुकीची भरपाई बुडाली, आणि त्या बुडण्याबद्दल मालकाला धरलें. आमच्या चौकांतल्या न्यायाधीशांना हा बारकावा ठाऊक नव्हता. मला तरी त्या दिवशीं कोठें ठाऊक होता?

आपल्या देशांत १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता. त्याच्या आधारें मेलेल्याची बायको, मुलें, आईबाप भरपाई मागूं शकत. परंतु त्यासाठीं दिवाणी दावा लावावा लागे, मागणीच्या प्रमाणांत स्टँप भरावा लागे, आणि घरांतला मिळवता मनुष्य गेल्यावर हें सारें त्याच्या विधवेनें करावयाचें. १९१४ च्या मोटारींच्या कायद्यानें नोंदणी व परवाना आणला. विम्याची सक्ती आणली नाहीं. ती १९३९ च्या कायद्यानें आणली, पण कागदावरच. कायदा १ जुलै १९३९ रोजीं सुरू झाला आणि त्यांतील विम्याचें प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पर्यंत झोंपवून ठेवण्यांत आलें. मध्यें महायुद्ध झालें. त्या सात वर्षांत मुंबईच्या वा पुण्याच्या रस्त्यावर ज्यांना मोटारीनें उडविलें त्यांना पैसे मिळणें न मिळणें हें मोटारवाल्याच्या खिशावर आणि सद्बुद्धीवर अवलंबून होतें.

१९५६ च्या दुरुस्तीनें अपघातांच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची सोय झाली. तरी वाद लवकर मिटत असें नाहीं. १८ डिसेंबर १९६० रोजीं नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी एक मोटार रस्ता सोडून उजव्या अंगाच्या झाडावर आदळली व आंतला प्रवासी मेला. त्याच्या विधवेला न्यायाधिकरणानें भरपाई दिली. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयानें, मालकाकडे जबाबदारी पोंचत नाहीं म्हणून, ती काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं ती परत दिली व सांगितलें कीं गाडी आपण होऊन झाडावर जात नाहीं. घटनाच चूक बोलून दाखविते, खुलासा करावयाचा तो चालकाच्या बाजूनें. विमा होता, पण प्रवाशाबद्दलची विमा कंपनीची मर्यादा १५,००० रुपयांचीच ठरली. उरलेलें मालकाकडून. सोळा वर्षें!

त्याच वर्षीं मुंबईकडच्या दुसऱ्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असेंही बजावलें कीं चालकाची हयगय सिद्ध झाल्यावांचून मालकाकडून भरपाई घेतां येणार नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबर असेल, पण रात्रीच्या अंधारांत साक्षीदार कोठून आणावा? हा पेंच सोडविण्यासाठीं ऑक्टोबर १९८२ पासून चूक सिद्ध न करतांही मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. १९८८ च्या नव्या कायद्यानें व १९९४ च्या दुरुस्तीनें ते आंकडे वाढले. एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मालकानें किंवा त्याच्या विमा कंपनीनें द्यावयाचे आहेत, आणि त्यासाठीं चूक दाखवावी लागत नाहीं.

हाड मोडणें ही कायद्याच्या भाषेंत गंभीर दुखापत होय. हें वाचलें तेव्हां मीं भाच्याला बोलावून घेतलें. त्याचें म्हणणें अर्धें खरें होतें. विमा नसणें हा वेगळा गुन्हा आहे. त्याला पहिल्या वेळीं २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यावरून टक्कर त्याच्या चुकीनें झाली असें ठरत नाहीं, आणि त्याची स्वतःची गाडी मोडली तर तिचें नुकसान रिक्षावाल्याच्या बाजूकडून मागण्याचा त्याचा हक्कही विम्याअभावीं जात नाहीं. पण दुसरें अर्ध कडू आहे. चूक दोघांची निघाली तर त्या बाईंना सगळी भरपाई दोघांपैकीं कोणा एकाकडूनही घेतां येते. वांटणी दोघांनीं मागाहून आपापसांत करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ मध्यें स्पष्ट केलें आहे. रिक्षावाल्याच्या पाठीमागें कंपनी आहे, तिचा वकील आहे. भाच्याच्या पाठीमागें कोण? त्याचा पगार आणि अर्धें हप्ते फेडलेलें घर. अकरा दिवसांची ही किंमत! शिवाय बिनविम्याचें वाहन अपघातांत सांपडल्यास तारण घेतल्यावांचून सोडूं नये, असे नियम राज्यांनीं करावेत हेंही न्यायालयानें २०१८ मध्यें सांगितलें आहे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीचा तिऱ्हाइती विमा एकदम तीन वर्षांचा व दुचाकीचा पांच वर्षांचा घ्यावा लागतो तोही ह्याच विसराळूपणामुळें. भाच्याची गाडी जुन्या हाताची. तिचा विमा दरसाल आठवणीनें भरावयाचा.

आतां मला माझ्याबद्दल सांगितलें पाहिजे. मीं हवालदाराला जबानी दिली कीं रिक्षावाल्यानें दिवा दाखविला नाहीं. तें खरें आहे. पण टक्कर होण्यापूर्वीं क्षणभर डाव्या हाताची एक जुनी इमारत दिसली. माझी पहिली नोकरी तेथल्या शाळेंत झाली. मीं भाच्याला म्हटलें, "ती पाहा, ती आमची शाळा." त्यानें मान वळविली. ह्या दोन गोष्टी एकाच श्वासांत घडल्या आणि जबानींत त्यांपैकीं एकच उतरली.

त्या बाई एका खानावळीला पोळ्या करून देत असत. हात बसविला, पण तो पूर्वीसारखा वळत नाहीं. लाटणें धरवत नाहीं. मी भेटावयास गेलों होतों. त्यांनीं चहा केला, डाव्या हातानें कप पुढें केला आणि विचारलें, "मास्तर, तुम्ही तर पुढेच बसला होता ना?" मीं होय म्हटलें. त्यांनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. त्यांच्या वकिलानें अडीच लाखांचा सोपा मार्ग न धरतां बुडालेल्या मिळकतीचा दावा लावला आहे. म्हणजे चूक सिद्ध करावी लागणार, आणि साक्षीदारांच्या यादींत माझें नांव आहे.

भाच्याला मीं सांगून टाकलें आहे कीं विचारलें तर शाळेची गोष्टही मी सांगणार. माझी बहीण म्हणते, "दादा, न विचारलेलं सांगायला तुला कोणी बोलावलं आहे का?" भाचा गेले दोन महिने आमच्याकडे आलेला नाहीं. गाढवाच्या खटल्यांतील त्या गाडीवाल्याला अपघात टाळण्याची शेवटची संधि होती असें न्यायाधीशांनीं ठरविलें. आमच्या चौकांत ती कोणाला होती, रिक्षावाल्याला, भाच्याला कीं मला, हें मला अजून नक्की सांगतां येत नाहीं. साक्षीची तारीख पुढल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची लागली आहे.